बोरॉनच्या गणातील मूलद्रव्ये एका रांगेत का चालत नाहीत?

प्रश्न (कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षिका, सातारा जिल्हा)

नमस्कार. मी अकरावीला रसायनशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात गण १३, म्हणजे बोरॉन, ॲल्युमिनिअम, गॅलिअम, इंडिअम आणि थॅलिअम यांचा गण शिकवत असताना मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने हात वर केला. त्याचे म्हणणे असे होते, की आवर्तसारणी शिकवताना मीच त्यांना सांगितले होते, की गणात वरून खाली जाताना एकेक कवच वाढत जाते, म्हणून अणू मोठा होतो आणि त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन काढणे सोपे होत जाते. मग तक्त्यात ॲल्युमिनिअमची अणुत्रिज्या १४३ पिकोमीटर आणि त्याच्या खालच्या गॅलिअमची १३५ कशी? आणि थॅलिअम सर्वांत खाली असूनही त्याची पहिली आयनीभवन ऊर्जा, म्हणजे पहिला इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, इंडिअमपेक्षा जास्त का?

मी उत्तर दिले, की डी उपकवचातील इलेक्ट्रॉन केंद्रकाला नीट झाकत नाहीत. त्याने ते वहीत उतरवून घेतले, परंतु त्याला ते पटलेले नाही हे मला दिसत होते. घरी आल्यावर लक्षात आले, की हे वाक्य मीदेखील विद्यार्थिनी असताना पाठच केले होते. झाकत नाहीत म्हणजे नेमके किती झाकत नाहीत, हे मी कधी मांडून पाहिले नव्हते. थॅलिअमची +१ अवस्था (तीनऐवजी एकच इलेक्ट्रॉन देण्याची) स्थिर का, याचे ‘निष्क्रिय युग्म परिणाम’, म्हणजे बाहेरच्या एस इलेक्ट्रॉनांची जोडी बंधांत भाग घेत नाही, हे उत्तरही मला आता नुसते नावच वाटू लागले आहे.

त्याच विद्यार्थ्याने तास संपताना आणखी एक गोष्ट विचारली. बोरिक आम्लाच्या रेणूत तीन हायड्रॉक्सिल गट असूनही ते एकाच प्रोटॉनचे आम्ल का मानले जाते, आणि कॅरमवर टाकतो ती बोरिक पावडर हीच का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ (निवृत्त प्राध्यापक, असेंद्रिय रसायनशास्त्र)

बाई, आपल्या विद्यार्थ्याने योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. हा गण शिकवताना आपण घाईने पुढे जातो, पण आवर्तसारणीची रचना जितकी स्पष्ट या गणात दिसते तितकी पहिल्या दोन गणांत दिसत नाही. तिथे प्रत्येक पायरी जवळजवळ सारखी असते. इथे प्रत्येक पायरी वेगळी आहे आणि तिचे कारण मोजता येते.

आधी आकडे समोर ठेवू. पहिली आयनीभवन ऊर्जा किलोज्यूल प्रति मोल या एककात बोरॉनची ८०१, ॲल्युमिनिअमची ५७७, गॅलिअमची ५७९, इंडिअमची ५५८ आणि थॅलिअमची ५८९ आहे. पहिल्या तीन आयनीभवन ऊर्जांची बेरीज केली तर अनुक्रमे ६८८७, ५१३७, ५५२०, ५०८२ आणि ५४३७ असे आकडे मिळतात. हे पाच आकडे फळ्यावर एका ओळीत लिहावेत आणि त्यांवरून एक रेघ ओढावी. रेघ आधी खाली येते, मग चढते, पुन्हा उतरते आणि पुन्हा चढते. गॅलिअमपाशी आणि थॅलिअमपाशी येणारे हे दोन चढ म्हणजेच आपला प्रश्न आहे.

ॲल्युमिनिअमच्या केंद्रकावर १३ धनप्रभार आहेत, गॅलिअमच्या केंद्रकावर ३१. म्हणजे एक पायरी उतरताना १८ प्रभार वाढले. इलेक्ट्रॉनही १८ च वाढले, पण त्यांतील दहा स्कँडिअमपासून जस्तापर्यंतच्या मूलद्रव्यांत भरत आलेल्या ३डी उपकवचात बसले आहेत. आता बाहेरच्या ४पी इलेक्ट्रॉनला केंद्रक किती ‘दिसते’, याचा ढोबळ हिशेब १९३० साली जॉन स्लेटर यांनी दिलेल्या नियमांनी करता येतो. त्या नियमांनुसार खूप आत असलेला इलेक्ट्रॉन पूर्ण १ प्रभार झाकतो, लगतच्या आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन ०.८५ झाकतो आणि त्याच कवचातील सोबती फक्त ०.३५ झाकतो. ॲल्युमिनिअममध्ये एकूण झाकण ९.५ येते आणि बाहेरच्या इलेक्ट्रॉनला ३.५ इतका परिणामी प्रभार जाणवतो. गॅलिअममध्ये झाकण २६ येते आणि परिणामी प्रभार ५ होतो. वाढलेल्या १८ प्रभारांपैकी १६.५ झाकले गेले आणि १.५ उघडे राहिले. हे १.५ आले कुठून, तर दहा डी इलेक्ट्रॉनांपैकी प्रत्येकाने ०.१५ इतकी जी फट ठेवली, त्या दहा फटींची ती बेरीज आहे. आपल्या वाक्यातील ‘नीट झाकत नाहीत’ याचा अर्थ एवढा नेमका आहे.

कवच वाढल्यामुळे अणू फुगायला हवा होता आणि ओढ वाढल्यामुळे तो आकसायला हवा होता. गॅलिअममध्ये या दोन गोष्टींनी एकमेकींना जवळजवळ रद्द केले, म्हणून ५७७ आणि ५७९ हे आकडे इतके जवळ आले. पुढे गॅलिअमकडून इंडिअमकडे जाताना पुन्हा १८ प्रभार वाढतात, परंतु या वेळी वरच्या पायरीवरही दहा डी इलेक्ट्रॉन होतेच. त्यामुळे स्लेटरच्या हिशेबाने परिणामी प्रभार ५ च राहतो, कवच मात्र वाढते आणि ऊर्जा नेहमीच्या नियमाप्रमाणे उतरते.

थॅलिअमपाशी मात्र हा हिशेब तोकडा पडतो, हे विद्यार्थ्यांना मोकळेपणाने सांगावे. इंडिअमपासून थॅलिअमपर्यंत ३२ प्रभार वाढतात आणि त्यांत चौदा ४एफ इलेक्ट्रॉन येतात. स्लेटरचा नियम त्यांना पूर्ण झाकणारे मानतो आणि पुन्हा ५ हाच आकडा देतो. प्रत्यक्षात एफ इलेक्ट्रॉनांचे झाकण डी इलेक्ट्रॉनांपेक्षाही विरळ असते. शिवाय इतक्या जड केंद्रकाजवळ आतले इलेक्ट्रॉन फार वेगाने फिरतात. बोरच्या साध्या प्रतिमानानुसार थॅलिअमच्या १एस इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशवेगाच्या ८१ भागिले १३७, म्हणजे सुमारे ०.५९ पट येतो. अशा वेगाला सापेक्षतेचा सिद्धान्त लागू करावाच लागतो, आणि त्याचा परिणाम म्हणून सगळी एस कवचे, अगदी बाहेरचे ६एससुद्धा, आत ओढली जातात. थॅलिअमच्या चढामागे ही दोन्ही कारणे एकत्र आहेत.

प्रतिसाद २ (प्रश्नकर्त्या शिक्षिका)

सर, मनापासून आभार. दहा फटींची बेरीज दीड, हे मी आजच वहीत मांडून पाहिले आणि ते तंतोतंत जुळले. परंतु आपण दिलेल्या बेरजांमुळे माझा दुसरा प्रश्न अधिक अवघड झाला आहे. ६एसची जोडी घट्ट धरलेली असल्यामुळे थॅलिअम +३ अवस्थेत जायला नाखूष असतो, असे मी शिकवत आले आहे. पण तीन इलेक्ट्रॉन काढण्याची एकूण ऊर्जा थॅलिअमसाठी ५४३७ आहे आणि गॅलिअमसाठी ५५२०. गॅलिअमला जास्त ऊर्जा लागूनही तो आनंदाने +३ अवस्थेत राहतो. मग जोडी ‘निष्क्रिय’ कशाच्या आधारे म्हणायची?

प्रतिसाद ३ (निवृत्त प्राध्यापक)

बाई, हा प्रश्न विचारणारे शिक्षक मला फार थोडे भेटले. निष्क्रिय युग्म हे नाव अर्धीच गोष्ट सांगते, आणि ते अर्धेच शिकवले गेल्यामुळे मुलांची समजूत कायमची वाकडी होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

इलेक्ट्रॉन काढायला खर्च येतो आणि त्या बदल्यात बंध तयार होऊन ऊर्जा परत मिळते. +१ वरून +३ अवस्थेत जाणे परवडते की नाही, हे जमाखर्च मांडून ठरते. फक्त खर्चाची बाजू पाहिली तर गॅलिअम आणि थॅलिअम जवळजवळ सारखे आहेत. फरक जमेच्या बाजूला आहे. ट्रायक्लोराइडांमधील एका बंधाची सरासरी ऊर्जा गॅलिअमसाठी २४२, इंडिअमसाठी २०६ आणि थॅलिअमसाठी १५३ किलोज्यूल प्रति मोल आहे. अणू जसजसा मोठा होतो, तसतशी त्याची बाहेरची कक्षके पसरट होत जातात, समोरच्या अणूच्या कक्षकांशी त्यांची गुंफण सैल पडते आणि बंध दुबळा होतो. थॅलिअमला जास्तीचे दोन बंध करून जे मिळते, त्यात ६एस जोडी सोडवण्याचा खर्च भरून निघत नाही. जोडी मुळात आळशी नाही, तिला कामाला लावण्याचा मोबदला पुरेसा नाही.

याचा सर्वांत सुंदर दाखला थॅलिअम ट्रायआयोडाइड या संयुगात मिळतो. सूत्र पाहून कोणीही म्हणेल, की एक थॅलिअम आणि तीन आयोडाइड आहेत, म्हणजे थॅलिअम +३ अवस्थेत आहे. प्रत्यक्षात तिथे थॅलिअम +१ अवस्थेत असतो आणि तीन आयोडीन अणू एकमेकांना जोडून एकच ऋण प्रभार असलेला ट्रायआयोडाइड आयन बनवतात. थॅलिअमचा +३ आयन इतका प्रबळ ऑक्सिडकारक आहे, की तो आयोडाइडपासून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो. परीक्षेत हा प्रश्न जरूर विचारावा.

थॅलिअमचा +१ आयन आकाराने आणि प्रभाराने पोटॅशिअमच्या आयनाशी इतका मिळताजुळता आहे, की शरीरातील पेशी त्याला पोटॅशिअम समजून आत घेतात. थॅलिअमचे क्षार अतिशय विषारी असण्याचे हे एक मुख्य कारण आहे. या विषबाधेवर प्रशियन ब्लू हे निळे रंगद्रव्य औषध म्हणून देतात. त्याच्या स्फटिकजाळीत थॅलिअमचा आयन अडकतो आणि मलावाटे बाहेर पडतो. वर्गात थॅलिअमचा क्षार दाखवण्याचा मोह कोणीही करू नये.

एक सूचना तक्त्याबाबत आहे. काही तक्त्यांत थॅलिअमच्या +३ आयनापासून धातूपर्यंतचा प्रमाण इलेक्ट्रोड विभव +१.२६ व्होल्ट असा छापलेला आढळतो. तो आकडा खरे तर +३ वरून +१ अवस्थेपर्यंतचा आहे. +१ पासून धातूपर्यंतचे विभव उणे ०.३४ व्होल्ट असल्यामुळे, +३ पासून थेट धातूपर्यंतचे मूल्य दोन्हींचा इलेक्ट्रॉनसंख्येप्रमाणे भार धरून सुमारे +०.७ व्होल्ट येते. थॅलिअमचा +३ आयन प्रबळ ऑक्सिडकारक आहे हा निष्कर्ष बदलत नाही, पण हुशार विद्यार्थी बेरीज करून पाहतो आणि गोंधळतो.

प्रतिसाद ४ (पदार्थविज्ञानातील संशोधक, नागपूर)

गॅलिअमवर मी सहा वर्षे काम केले आहे, म्हणून त्याच्याविषयी थोडे लिहितो. त्याचा द्रवणांक २९.७६ अंश सेल्सिअस आहे. आमच्याकडे मार्च उजाडला, की वातानुकूलन नसलेल्या खोलीत गॅलिअमची कुपी दुपारी द्रवरूप झालेली असते. बोरॉन २००० अंशांच्याही वर वितळतो आणि ॲल्युमिनिअम ६६० अंशांवर, त्यांच्यालगत हा आकडा पाहिला, की छपाईची चूक वाटते.

याचे कारण मात्र वरील चर्चेत आलेले झाकणाचे कारण नाही, ते स्फटिकाच्या रचनेत आहे. बहुतेक धातूंमध्ये प्रत्येक अणूभोवती आठ किंवा बारा शेजारी समान अंतरावर असतात. घन गॅलिअममध्ये प्रत्येक अणूचा एकच शेजारी अगदी जवळ, सुमारे २४४ पिकोमीटरवर असतो, आणि पुढचे सहा शेजारी २७० ते २८० च्या आसपास असतात. म्हणजे घन अवस्थेतच अणू जोड्याजोड्यांनी उभे आहेत आणि या जोड्यांमधील रचना थोड्याशा उष्णतेने मोडते. द्रवातून पूर्ण सुटून वाफ होणे मात्र इतर धातूंइतकेच कठीण असते, म्हणून त्याचा उत्कलनांक २२०० अंशांच्या वर आहे. इतक्या रुंद पट्ट्यात द्रव राहणारे मूलद्रव्य विरळाच सापडेल.

गोठताना गॅलिअम पाण्यासारखा प्रसरण पावतो, सुमारे ३ टक्क्यांनी. मी संशोधनाला सुरुवात केली तेव्हा हे वाचलेले असूनही काचेची कुपी गळ्यापर्यंत भरून शीतकपाटात ठेवली होती. दुसऱ्या दिवशी कुपीला उभी चीर गेलेली होती आणि आत बाटलीचाच आकार घेतलेला चकचकीत, निळसर झाक असलेला गोळा उभा होता. तेव्हापासून मी तो मऊ प्लॅस्टिकच्या डबीत अर्धाच भरून ठेवतो. आपल्या वर्गात दाखवायचा असेल तर दोन गोष्टी सांभाळाव्यात. तो काचेला आणि त्वचेला चिकटून राखाडी डाग सोडतो, म्हणून हातमोजे घालावेत, आणि त्याला ॲल्युमिनिअमच्या कोणत्याही वस्तूजवळ येऊ देऊ नये. ॲल्युमिनिअमवरचा ऑक्साइडचा पातळ थर ओरखडला गेला, की द्रव गॅलिअम धातूच्या कणांमधील सीमांतून आत झिरपतो आणि काही तासांनी ती पट्टी बोटांनी बिस्किटासारखी मोडता येते. एकाच गणातील हे दोन सख्खे शेजारी आहेत, तरी एक दुसऱ्याला असा पोखरतो.

मेंडेलीव्ह यांनी १८७१ साली या जागेसाठी ‘एका-ॲल्युमिनिअम’ हे नाव देऊन त्याचा अणुभार ६८ आणि घनता ५.९ असेल असे लिहून ठेवले होते. १८७५ साली फ्रान्समध्ये लकॉक द बॉइसबॉद्राँ यांना वर्णपटाच्या साहाय्याने गॅलिअम सापडला, तेव्हा त्यांनी मोजलेली घनता ४.७ आली. मेंडेलीव्ह यांनी नमुना पुन्हा शुद्ध करून मोजावा असे सुचवले आणि फेरमोजणीत ५.९ हेच उत्तर आले. तेव्हा कोणाला डी इलेक्ट्रॉन ठाऊक नव्हते, इलेक्ट्रॉनच ठाऊक नव्हता. ही गोष्ट वाचताना मला आजही भरून येते.

प्रतिसाद ५ (सोनारकामाची परंपरा असलेल्या घरातील वाचक, कोल्हापूर जिल्हा)

वरील चर्चेत बोरॉन मागे राहिला आहे, म्हणून मी लिहितो. माझे शिक्षण रसायनशास्त्रात झाले, पण बोरॉनची ओळख मला दुकानातच झाली. सांधा झाळताना आम्ही सवागी, म्हणजे टाकणखार (बोरॅक्स) हा बोरॉनचा क्षार वापरतो. माझे आजोबा सवागीचा खडा पाणी टाकून दगडावर उगाळत आणि ती पांढरी खळ पिसाच्या टोकाने सांध्यावर लावत. फुंकणीची ज्योत लागली, की आधी ती फसफसून कापसासारखी फुगते, मग बसते आणि शेवटी काचेसारखी पारदर्शक होऊन सांध्यावर पसरते. त्या क्षणी झाळण पाण्यासारखे आत ओढले जाते. आजोबा म्हणत, सवागी निवळल्याशिवाय हात लावू नये.

फसफसते ते पाणी असते. टाकणखाराच्या वजनात सुमारे ४७ टक्के स्फटिकजल असते. उरते ती बोरॉनच्या ऑक्साइडची आणि सोडिअम मेटाबोरेटची काच. बोरॉनचा ऑक्साइड आम्लधर्मी आहे आणि तांब्यासारख्या धातूंचे ऑक्साइड आम्लारिधर्मी आहेत, म्हणून ही काच त्यांना विरघळवून घेते आणि धातूचा पृष्ठभाग उघडा पडतो. प्रयोगशाळेतील टाकणखाराच्या मण्याची परीक्षा हीच आहे, तिथे आपण मण्यात उतरलेल्या निळ्या रंगावरून तांबे किंवा कोबाल्ट ओळखतो. गणातून खाली उतरताना हाच आम्लधर्म मावळत जातो. ॲल्युमिनिअम आणि गॅलिअम यांचे ऑक्साइड उभयधर्मी, म्हणजे आम्ल आणि आम्लारी या दोन्हींशी अभिक्रिया करणारे आहेत, इंडिअमचा आणि थॅलिअमचा आम्लारिधर्मी आहे. ॲल्युमिनिअमच्या भांड्यात चिंचेचे सारही ठेवू नये आणि धुण्याचा सोडाही ठेवू नये, हा घरातला नियम उभयधर्मातूनच आला आहे.

आता आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळतो. प्राध्यापक महोदयांनी दिलेला ६८८७ हा आकडा पाहावा. इतकी ऊर्जा कोणतीही रासायनिक अभिक्रिया परत देत नाही, म्हणून बोरॉन कधीही +३ आयन होत नाही, तो सहसंयुज बंधच करतो. तीन बंध केल्यावर त्याच्याभोवती सहाच इलेक्ट्रॉन होतात आणि एक जागा रिकामी राहते. बोरिक आम्ल स्वतःचा प्रोटॉन देतच नाही. बोरॉनची रिकामी जागा पाण्यातील हायड्रॉक्साइड आयन उचलून घेते, बोरॉनभोवती चार हायड्रॉक्सिल गट होतात आणि जो प्रोटॉन सुटतो तो पाण्याचा असतो. रिकामी जागा एकच, म्हणून सुटणारा प्रोटॉनही एकच. हे आम्ल फार दुबळे आहे, त्याचा पीकेए (हा आकडा जितका मोठा तितके आम्ल दुबळे) सुमारे ९.२ आहे. ॲल्युमिनिअमला मात्र चारवर थांबण्याची सक्ती नाही. क्रायोलाइटमध्ये एका ॲल्युमिनिअमभोवती सहा फ्लुओराइड बसलेले असतात, बोरॉनला तेवढी जागाच नाही.

होय, कॅरमची बोरिक पावडर हीच. बोरिक आम्लाचे सपाट रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून कागदासारखे पापुद्रे बनवतात आणि दोन पापुद्र्यांमध्ये सुमारे ३१८ पिकोमीटर अंतर असते. पापुद्र्याच्या आत धरणारे बंध बऱ्यापैकी मजबूत आहेत, दोन पापुद्र्यांमधील ओढ मात्र अगदी क्षीण आहे. म्हणून ते एकमेकांवरून सहज सरकतात आणि सोंगटी त्यांच्यावर तरंगल्यासारखी जाते. चिमूटभर पावडर बोटांत चोळून पाहावी, तो साबणासारखा बुळबुळीत स्पर्श या पापुद्र्यांचाच आहे. तिच्यावर खेळून झाल्यावर हात मात्र धुवावेत, कारण ती पोटात जाणे चांगले नाही.

दुबळ्या बोरिक आम्लाचे कॉस्टिक सोड्याने अनुमापन (टायट्रेशन) करायचे असल्यास त्यात ग्लिसरीन घालतात. ग्लिसरीनचे शेजारशेजारचे हायड्रॉक्सिल गट बोरॉनला चिमट्यासारखे धरतात आणि आम्ल बरेच प्रबळ होते. बाईंनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा, साहित्य औषधांच्या दुकानात मिळते.

प्रतिसाद ६ (प्रश्नकर्त्या शिक्षिका)

सर्वांची मी ऋणी आहे. काल प्रयोगशाळेत टाकणखाराचे पाणी केले आणि त्यात आम्लारीत गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचे दोन थेंब टाकले. पाणी गडद गुलाबी झाले. मग त्याच विद्यार्थ्याच्या हाती ग्लिसरीनची बाटली दिली. त्याने थोडे थोडे ओतून ढवळले आणि रंग फिका होत होत पूर्ण गेला. परीक्षानळी गरम पाण्यात धरली तेव्हा गुलाबी रंग परतला आणि नळाखाली थंड केल्यावर पुन्हा नाहीसा झाला. ग्लिसरीनचा चिमटा उष्णतेने सुटतो आणि थंडाव्याने पुन्हा बसतो, हे मुलांनी माझ्या आधी ओळखले.

फळ्यावर मी पाच बेरजा आणि त्यांवरची वाकडीतिकडी रेघ तशीच ठेवली आहे. पुढच्या तासाला गण १४ सुरू होतो. कथिल आणि शिसे यांच्यासाठी अशाच बेरजा, पण चार इलेक्ट्रॉनांच्या, काढून आणण्याचे काम मुलांना दिले आहे.